शेपटीपाशी न पोचणारे पंख

हार्लो फ्लॅट, मोंटाना
११ जानेवारी १९८८

प्रिय इर्माआत्या,

आधी कबुली. तुझं सप्टेंबरचं पत्र मला सप्टेंबरातच मिळालं होतं. पोस्टाची काही चूक नाही. चार महिने ते माझ्या पिशवीत, मोज्यांच्या खाली पडून होतं. दर रविवारी ठरवायचे, आज उत्तर. पहिल्या रविवारी पेन नव्हतं. दुसऱ्या रविवारी पेन होतं तर मी बसमध्ये होते. मग लाज वाटायला लागली, की आता इतक्या उशिरा कुठल्या तोंडाने लिहायचं, आणि एकदा लाज वाटायला लागली की उशीर आणखी वाढतो, हे तुला काय सांगायचं, तुझ्या भावाचीच मुलगी मी.

मग आज का लिहितेय? स्वार्थ. तुझी गरज पडलीय.

मी सध्या शिकारी पक्ष्यांच्या एका केंद्रात आहे. जखमी घुबडं, ससाणे, गरुड इथे आणतात, बरे करतात, सोडतात. मी आले होते तीन दिवसांसाठी. हरणांची गळलेली शिंगं गोळा करून विकणारा एक माणूस मला इथवर घेऊन आला. त्याच्याकडे एक कुत्रा होता, त्याला एकच कान, आणि त्या कानानेसुद्धा तो ऐकायचा नाही. असो. त्या माणसाच्या गाडीला एक घुबड धडकलं, ते द्यायला आम्ही इथे थांबलो. तो गेला, मी राहिले. स्वयंपाकघराच्या वर एक खोली आहे. आत्या, तीन महिने झाले! एकाच पलंगावर इतके दिवस मी शाळा सोडल्यापासून झोपले नव्हते.

केंद्र मार्लिसचं. पन्नाशीची असेल. शब्द रेशनवर मिळत असल्यासारखी बोलते. पहिल्या दिवशी तिने मला नियम सांगितले: पक्ष्यांशी बोलायचं नाही, त्यांना तोंड दाखवायचं नाही, भिंतीतल्या नळीतून खाणं टाकायचं आणि चालू लागायचं. पक्ष्याने माणसाची सवय लावून घेतली की तो सुटून फुकट, म्हणाली. मी नियम पाळते. फक्त नळीतून मेलेला लावा पक्षी टाकताना बारीकशी शिट्टी घालते, बाबा कुत्र्यांना घालायचे तशी. तेवढीच सोबत. इथे मागच्या अंगणात एक कोल्हा येतो, लंगडा, त्याचं तर मला पुस्तक लिहिता येईल, पण ते पुन्हा कधी.

मुद्दा असा. नाताळाच्या आधी क्लिफ नावाचा माणूस कोटात गुंडाळून एक पक्षी घेऊन आला. क्लिफ रेल्वेकडेच्या धान्याच्या कोठारांवर कामाला आहे. तिथे कबुतरं ढिगाने. हा पक्षी कबुतरामागे लागला आणि तारेवर आदळला. पंखाला मार आहे, हाड शाबूत. क्लिफचा अंगठा मात्र शाबूत नाही.

पक्षी मोठा, काळपट आणि रागीट. ससाणा आहे एवढं मलाही कळतं. पण कुठला? मार्लिसला बारा वर्षांत असा दिसलेला नाही. तिला वाटतं हा मिश्र आहे. ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करवणारे बाजदार असतात ना, ते उत्तरेचा जिरफाल्कन आणि बहिरी ससाणा यांची मिश्र पिल्लं काढतात. त्यातलाच एखादा सुटलेला. आणि मिश्र असेल तर कायद्याने तो रानात सोडता येत नाही. बरा झाला तरी नाही. जन्मभर पिंजरा.

तू वीस वर्षं तिकडे अलास्कात कड्यांवरची जिरची घरटी मोजलीस. दोन फोटो पाठवतेय. बघ आणि सांग. लवकर सांग, म्हणायचा मला हक्क नाही, तरी सांग.

तुझी,
ट्वायला


नोम, अलास्का
२९ जानेवारी

ट्वायला पोरी,

चार महिन्यांचं मी काही बोलत नाही. तुझा बाप एका पत्राला दोन वर्षं घ्यायचा आणि मग दारात स्वतःच उभा राहायचा, उपाशी. त्या मानाने तू सुधारलीस.

अक्षर माझं नाही, हे तुला दिसलंच असेल. बर्फावर पडले, उजवा हात दुखावलाय. शेजारची मेरिअम लिहून घेतेय. (हात. बरं. — मेरिअम.) ती मध्ये मध्ये स्वतःचं घालते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

फोटो मिळाले. फोटोवरून मी पक्षी ओळखत नाही. फोटोत उजेड खोटं बोलतो, करडा काळा दिसतो, काळा तपकिरी. मला शब्दांत सांग. आणि "मोठा, काळपट, रागीट" हे काही वर्णन नव्हे. तसं वर्णन आमच्या पोस्टमास्तरचंही होईल. (खरं आहे. — मे.)

तो स्वस्थ बसला असेल तेव्हा बघ. मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या कुठवर येतात? बहिरी ससाण्याची जवळजवळ शेपटीच्या टोकाला टेकतात. जिरची अलीकडेच संपतात, शेपटी खाली उरते. मिश्र असला तर मधेच कुठेतरी. मग पाय. पिसांची विजार किती खाली आलीय? बोटं लांबसडक आहेत की आखूड, जाड? डोळ्याखाली मिशीसारखा काळा पट्टा स्पष्ट आहे का पुसट? वजन किती? नर की मादी, ते वजनावरून मी सांगेन. आणि छाती कशी दिसते, घट्ट, की दुसऱ्या कोणाचा मोठा स्वेटर घातल्यासारखी?

घाई करू नकोस. मला ठाऊक आहे तुझं, एका जागी बसलीस की तुला कोल्हा दिसतो. या वेळी कोल्हा दिसला तरी पक्ष्याकडेच बघ.

मार्लिसला हेही विचार की तिने काळा जिर कधी पाहिलाय का. तुमच्याकडे हिवाळ्यात उतरतात ते बहुतेक करडे. वीस वर्षांत मी काळे मोजून तीन पाहिले, आणि तिन्ही वेळा आधी मला वाटलं, काहीतरी चुकतंय.

इथे उजेड आता पाच-सहा तासांचा. मेरिअमने वाळवलेला सामन मासा आणलाय, तो खाऊन आम्ही दोघी भांडतो.

तुझी आत्या


हार्लो फ्लॅट
१० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बसले. पक्ष्याच्या पिंजऱ्याच्या भिंतीला बोटाएवढं भोक आहे, त्याला डोळा लावून सकाळचे दोन तास, असे चार दिवस. मान अवघडली. कोल्हा दोनदा आला आणि मी वळून पाहिलं नाही. हे मेरिअमकडून दोनदा लिहून घे.

पंखांची टोकं शेपटीच्या टोकापर्यंत येत नाहीत. लांब राहतात. माझ्या अंगठ्याच्या पेरापासून नखापर्यंत एवढी दोनदा, म्हणजे दोन इंचांहून जास्त शेपटी खाली मोकळी राहते. शेपटीवर आडवे पट्टे आहेत पण इतके पुसट, की घासून घासून गेलेल्या भांड्यावरच्या नक्षीसारखे. पायांवरची पिसं अर्ध्याच्या खाली येतात, पुढून. उघडा पाय थोडाच दिसतो, तो निळसर करडा, पिवळा नाही. बोटं आखूड आणि जाड, आजोबांच्या बोटांसारखी. मिशी शोधायला मला दोन दिवस लागले. सगळं डोकंच इतकं गडद आहे की मिशी त्यात बुडून गेलीय. छाती म्हणजे स्वेटरच. पोटाची पिसं पुढे येऊन पायांवर पडतात, थंडीत मांडीवर घोंगडी घेतल्यासारखी. वजन मार्लिसने केलं: साडेतीन पौंड. चोच कानशीने घासल्यासारखी, टोकापाशी एक खाच. डोळा काळा, भोवती फिकट निळं कडं. डोळ्यात राग नाहीये आत्या, मी आधी चुकीचं लिहिलं. तो माझ्या पलीकडे बघतो. म्हणजे मी तिथे नाहीच, माझ्या मागे दहा मैलांवर काहीतरी आहे आणि ते हललं की त्याला कळणार.

हे सगळं मी मार्लिसला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काळा जिर मी पाहिलेला नाही. कोणीतरी पाहिलेला असू शकतो." तिच्यासाठी हे म्हणजे भाषण झालं.

पण मग परवा गोष्ट बिघडली. मार्लिसला एक युक्ती सुचली. बाजदार लोक पक्ष्याला खायला देताना शिट्टी घालतात. पाळलेला पक्षी शिट्टीला येतो, रानातला भिंतीवर आपटतो. ती दार उघडून उभी राहिली आणि तिने शिट्टी घातली. मी तिच्या मागे होते, हातात पाण्याची बादली.

आत्या, पक्ष्याने मान दोनदा वर-खाली केली आणि दांडीवरून उतरून सरळ दाराशी आला. तिच्या बुटापासून हातभर अंतरावर थांबला. वाट बघत.

मार्लिसने दार लावलं. "झालं," म्हणाली. "कोणाच्या तरी हातावर वाढलाय. जिर असो, मिश्र असो, आता सारखंच. याला सोडला तर पहिल्या बंदूकवाल्याच्या अंगणात जाऊन बसेल."

टेक्सासात एक माणूस पक्ष्यांचे खेळ करतो, जत्रेतून. १५ मार्चला तो येऊन घेऊन जाणार. चांगला माणूस आहे म्हणतात. पक्ष्यांना छान ठेवतो. दिवसातून तीन खेळ.

का आला दाराशी, कोण जाणे.

तुला पक्षी कुठला वाटतो तेवढं सांग. आता त्याने काही फरक पडत नाही, तरी सांग.

ट्वायला

ता.क. इथे चिनूक नावाचा गरम वारा सुटलाय. एका सकाळीत सगळा बर्फ गेला आणि मार्लिसची हरवलेली फावडी सापडली, तीन.


नोम
२२ फेब्रुवारी

ट्वायला,

तुझा पक्षी जिर आहे. शुद्ध, काळा, पहिल्या वर्षाचा, आणि मादी. तो नव्हे, ती. साडेतीन पौंडांचा नर मी पाहिला नाही. निळे पाय, अर्ध्याच्या खाली आलेली पिसं, आखूड बोटं, दोन इंच मोकळी शेपटी: यात बहिरी ससाण्याला कुठे जागाच नाही. सोबत मार्लिससाठी वेगळा कागद आहे, त्यावर माझं जुनं हुद्द्याचं नाव आणि घरट्यांची वर्षं घातलीत. तिच्या हातात दे.

आणि शाबास. मी वीस वर्षांत माझ्या हाताखाली अकरा शिकलेली माणसं ठेवली, पदव्या असलेली. घोंगडी घेतल्यासारखं पोट त्यांच्यातल्या एकालाही दिसलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. तू लिहिलंस, "का आला दाराशी, कोण जाणे."

मी मेरिअमकडून तुझं पहिलं पत्र परत वाचून घेतलं. दोनदा. कोल्ह्याच्या आधी एक ओळ आहे. तुला माहीत आहे कोणती.

तू मला फसवत नाहीयेस, पोरी, तू स्वतःपासून तोंड फिरवलंयस. दोन महिने दिवसातून दोनदा त्या पक्षिणीला शिट्टी ऐकू आली आणि पाठोपाठ लावा पडला. भुकेल्या प्राण्याला एवढं शिकायला आठवडा पुरतो. आम्ही घरट्यापाशी जायचो तर पिल्लं चौथ्या खेपेला माझ्या बुटांचा आवाज ओळखायची, म्हणून आम्ही बूट बदलायचो. मार्लिसने शिट्टी घातली आणि तिला तुझी शिकवण दिसली. तिने ती बाजदाराची समजली. चूक तिची नाही. तिला एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

सांग तिला. मला माहीत आहे ती काय म्हणेल, आणि तुलाही माहीत आहे, म्हणून तर तू तीन फावड्यांबद्दल लिहिलंस. ती खोली तुला प्रिय आहे. पण मार्चच्या पंधरा तारखेला जे जाईल ते परत येणार नाही.

तिला हेही सांग: महिनाभर शिट्टी नाही, माणसाचा पाय नाही, माणसाचा वास नाही. दारावर घोंगडी टांगा, खाण्याच्या वेळा रोज बदला. लहानपणी हातावर वाढलेल्या पक्ष्याची ओढ महिन्यात जात नाही. नवी लागलेली सवय जाते. महिन्यानंतर दार उघडलं आणि ती भिंतीवर आपटली, तर ती तुमची नाही, रानाची आहे.

मी रागावलेली नाही. हे मेरिअमला मोठ्या अक्षरात लिहायला सांगते.

मी रागावलेली नाही.

तुझी आत्या

(मेरिअम लिहितेय. ती चहा ठेवायला गेलीय, भांड्यांचा आवाज येतोय तोवर लिहून टाकते. तिच्या हाताला काही झालेलं नाही. तिला दिसत नाही. मोतीबिंदू, दोन्ही डोळे. तुझे फोटो आले तेव्हा ते घेऊन ती खिडकीशी गेली, पुष्कळ वेळ उभी राहिली, मग मला विचारलं, "यातली वरची बाजू कुठली?" अँकरेजला जाऊन कापून घे म्हटलं तर ऐकत नाही. पण तुझं पक्ष्याचं वर्णन मी वाचलं तेव्हा तिने डोळे मिटले आणि टेबलावर बोटांनी शेपटी मापली. "दोन इंच," म्हणाली, "बाई गं, दोन इंच." मी तिला इतकं खूश कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. किंवा सांग. आली.)


हार्लो फ्लॅट, क्लिफच्या बहिणीचं कॅफे
४ मार्च

प्रिय आत्या,

पत्ता बदललाय, त्यावरून कळलंच असेल.

तुझं पत्र मंगळवारी आलं. मंगळवार मी पत्र खिशात घेऊन काढला. बुधवारी सकाळी मार्लिस स्वयंपाकघरात पक्ष्यांसाठी उंदीर चिरत होती, कातरीने, ती ते पत्ते पिसल्यासारखं करते. मी म्हटलं, "मार्लिस, तो पक्षी शिट्टीला आला ना, ती शिट्टी माझी आहे."

"म्हणजे?"

"मी घालते. खाणं टाकताना."

तिने कातर थांबवली नाही. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"रोज?"

"दोनदा."

"माझा नियम तुला कळला नव्हता?"

"कळला होता. मला वाटलं, शिट्टी म्हणजे काही बोलणं नाही."

तेव्हा तिने कातर खाली ठेवली. "मी दाराशी उभी राहून शिट्टी घातली तेव्हा तू माझ्या मागे होतीस."

"हो."

"बादली घेऊन."

"हो."

"मी टेक्सासला फोन केला. कागद भरले. त्यानंतर रोज सकाळी तू या टेबलाशी बसून माझ्याबरोबर कॉफी प्यायलीस."

"सांगणारच होते. रोज सांगणार होते."

"चुकीचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "चुका मीही करते. एका घुबडाचा पंख मी उलटा बांधलाय. पण तुला माहीत होतं आणि मला नव्हतं, आणि तू मला त्याच अंधारात ठेवून साखर मागितलीस."

आत्या, एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तुझा कागद टेबलावर ठेवला. महिन्याचं, घोंगडीचं, वेळा बदलायचं, सगळं सांगितलं. तिने कागदाला हात लावला नाही, हाताला रक्त होतं तिच्या. "दुपारपर्यंत खोली रिकामी कर," म्हणाली आणि पुन्हा कातर घेतली.

पक्षिणीचं काय करणार, ते बोलली नाही. मला विचारायची हिंमत झाली नाही.

जाण्याआधी भोकाला डोळा लावला. चोरून. शिट्टी नाही, श्वाससुद्धा नाही. तुला सांगते काय दिसलं. आणि आत्या, आता मी जरा नीट सांगणार आहे, कारण मला कळलंय. मेरिअमवर चिडू नकोस. हात दुखावल्याचं खोटं तू मला सांगितलंस आणि पक्ष्याचं खोटं मी तुला, तेव्हा फिटंफाट समज.

तर ऐक. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा पडतो, सकाळी दहाला तो दांडीवर येतो. ती त्या पट्ट्यात बसली होती. उन्हात ती काळी नाहीये. कॉफी कपाच्या तळाशी उरते आणि कप खिडकीशी धरला की जो रंग दिसतो, तो. प्रत्येक पिसाच्या कडेला फिकट रेघ, इतकी बारीक की पिसं कोणीतरी पेन्सिलीने वेगवेगळी करून ठेवल्यासारखी. तिने दुखरा पंख उघडला, पूर्ण, हळूहळू, आपण झोपेतून उठल्यावर ताणतो तसा. त्याच बाजूचा पायही ताणला, मुठीत मिटलेला. मग पंख मिटला आणि अंग असं झाडलं की धूळ उडून उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली. पंख दुखत नव्हता. बरा झालाय. हे मार्लिसलाही माहीत असणार.

बस दुपारी तीनची होती, पश्चिमेकडे. पिशवी भरलेली. क्लिफ कोठारावरून जेवायला निघाला होता, म्हणाला, "बस काय उद्याही आहे. माझ्या बहिणीला भांडी घासायला कोणी मिळत नाही, कारण ती फार बोलते." खरंच फार बोलते. मी राहिलेय. किती दिवस, ठाऊक नाही. पंधरा तारखेपर्यंत तरी.

ट्वायला


नोम
१६ मार्च

पोरी,

मेरिअमशी मी तीन दिवस बोलले नाही. मग तुझं पत्र आलं आणि ते वाचायला तीच लागणार, म्हणून बोलावं लागलं. (तीन नाही, दीड दिवस. — मे.)

डोळ्यांचं तुला का नाही सांगितलं, ते सांगते. ज्या बाईने जन्मभर दुर्बिणीने कडे पाहिले तिला समोरचा कप दिसत नाही, हे कागदावर आलं की खरं होतं, असं मला वाटायचं. आणि तू विचारलंस ते माझ्या डोळ्यांना विचारलंस. मला "नाही" म्हणायचं नव्हतं. चार महिन्यांनी तुझं एक पत्र आलेलं.

कपाच्या तळाचा रंग मला दिसला. मेरिअमने खरोखर कप खिडकीशी धरला, आणि मी नाक लावून पाहिलं, आणि काहीतरी तपकिरी हललं. कोणी मला पक्षी असा दाखवून किती वर्षं झाली.

तू बस सोडलीस. हे सोपं नव्हतं हे मला कळतं, कारण आपल्या घरात कोणी ओरडायच्या आत माणूस दाराबाहेर असतो. तुझा बाप तसाच होता. मीसुद्धा काही वेगळी नाही, मी फक्त एवढ्या लांब आले की आणखी पुढे जायला समुद्र लागला. तू मात्र ज्या गावात तुझी चूक सगळ्यांना ठाऊक आहे त्याच गावात भांडी घासते आहेस.

मार्लिसने काहीही केलं असेल तरी ते तिचं. तू तुझं केलंस. पण मला कळव. काल पंधरा तारीख होती आणि मी दिवसभर उगाच दाराकडे चालत होते, जणू टेक्सासचा माणूस इथूनच जाणार आहे.

मेरिअमला अँकरेजला तिच्या मुलीकडे जायचंय, एकटीला विमानाची भीती वाटते म्हणते, म्हणून एप्रिलअखेर मी तिच्याबरोबर जाणार आहे. तिथे दवाखानाही आहे म्हणे. (मी आयुष्यात विमानाला घाबरलेली नाही. — मे.)

तुझी आत्या


हार्लो फ्लॅट
१ एप्रिल

प्रिय आत्या,

पुन्हा उशीर. या वेळी आळस नाही, सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून. म्हणजे अर्धवट होतं, आणि अर्धवट सांगून तुला दाराकडे चालायला लावायचं नव्हतं.

तर पंधरा तारखेला टेक्सासचा माणूस आला. मोठी गाडी, बाजूला गरुडाचं चित्र, गरुडाला पापण्या काढलेल्या. मी भांड्यांच्या खिडकीतून पाहिलं. तो केंद्राकडे गेला आणि अर्ध्या तासात परत इथेच आला, रिकामा. ॲपल पायचे दोन तुकडे खाल्ले आणि क्लिफच्या बहिणीला म्हणाला, "दीड हजार मैल आलो, आणि ती बाई म्हणते, पक्षी अजून ठरलेला नाही!" क्लिफची बहीण म्हणाली, "मग तुम्ही आणखी एक तुकडा घ्या, तोवर ठरेल." तो गेला. मी सिंकमध्ये हात घालून उभी राहिले, पाणी गार झालं तरी कळलं नाही.

त्यानंतर काही नाही. मार्लिस कॅफेत यायची, दर शनिवारी अंडी खायची, ती यायचीच बंद झाली. क्लिफ मेलेली कबुतरं द्यायला केंद्रावर जातो, त्याला मी रोज विचारते. तो म्हणतो, "दारावर घोंगडी आहे. मला आत सोडत नाही. माझ्याकडून कबुतर घेते आणि म्हणते, बूट काढून चाल." एवढंच. तुझ्या कागदाबद्दल विचारलं का, तर म्हणाला, स्वयंपाकघरात भिंतीला टाचलेला आहे, पक्ष्यांच्या वजनांच्या तक्त्याशेजारी.

महिना झाला. मी मोजत होते, तीसच्या तीस दिवस. काल तिसावा. मी दोनदा पिशवी भरली आणि दोनदा सोडली. क्लिफच्या बहिणीने आता पिशवीच कुठेतरी लपवलीय, म्हणते इस्टरची गर्दी होईपर्यंत मिळणार नाही. मला उत्तरेकडे जावंसं वाटतंय आत्या, मेच्या सुमारास. तुझे डोळे झाल्यावर तुला कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणारं लागणार नाही, पण भांडायला मेरिअम एकटी पुरते का? मला घरट्यांचं काही येत नाही. बूट बदलायचे एवढं येतं.

आज सकाळपासून कबुतरं कोठारांवर बसत नाहीयेत, सारखी उडतायत. क्लिफ म्हणतो वाऱ्यामुळे. मला वाटतं—

आत्या, थांब. बाहेर मार्लिसची गाडी थांबलीय. शनिवार नाहीये आज. ती आत आली, डोक्याला रुमाल, हातावर लांब ताजा ओरखडा, कोपरापासून मनगटापर्यंत. क्लिफची बहीण तिला विचारतेय हे कसं झालं, आणि मार्लिस म्हणतेय, "काल दार उघडलं. शिट्टी घातली. भिंतीवर आपटली, मग माझ्यावर." आणि आत्या, ती हसतेय. मार्लिस!

गाडीत पुढच्या सीटवर लाकडी पेटी आहे, पट्ट्यांनी बांधलेली, वर घोंगडी.

आता ती माझ्याकडे वळलीय. म्हणते, "कोठारांपलीकडे वारा चांगला आहे, सरळ उत्तरेचा रस्ता मोकळा. हात पूस आणि चल. ती पेटी मला एकटीला उघडता येत नाही."

खोटं बोलतेय. बारा वर्षं एकटीच उघडतेय.